लग्नात नेसलेलं पारांग

प्रिय विगाती,

उत्तराला चार महिने लागले, त्याबद्दल आधी माफी मागतो. जावई हेन्दार्तो घर सोडून गेला, सुराबायात आता तू आणि तुझी छोटी दोघीच आहात, असं तू फोनवर सांगितलंस आणि मी एक शब्द न बोलता फोन तुझ्या आईच्या हातात दिला. त्यानंतर तू माझ्याशी बोलायचं म्हटलं नाहीस. पत्र तीनदा लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. वाक्य मध्येच अडकतं, मग कागद घडी करून ठेवून देतो.

इकडे सोलोत सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून. ज्या कारखान्यात मी अडतीस वर्षं कापडावर मेणाचे ठसे मारले, तिथे मालकाच्या मुलानं कॉफीचं दुकान काढलंय. तांब्याचे ठसे भिंतीवर टांगलेत. मला म्हणाला, "काका, शनिवारी इथे बसून ठसे मारून दाखवा, लोक फोटो काढतील." गेलो. एका मुलीनं विचारलं, "हे खरं मेण आहे का?" म्हटलं, हात लावून बघ. तिनं लावला नाही. बाजारात यंत्रावर छापलेलं कापड ढिगानं पडलंय, त्यालाही बाटिकच म्हणतात. पारांगचे तिरके पट्टे आता उशीच्या अभ्र्यावर आणि रिक्षाच्या सीटवरही दिसतात. कुठली नक्षी कुठे चालते आणि कुठे नाही, हे विचारणारं कोणी उरलेलं नाही. मला मात्र ते माहीत होतं.

तुझ्या लग्नाला आईनं माझ्यासाठी त्रुन्तुम काढून ठेवलं होतं, बारीक चांदण्यांचं, मुलीच्या आईबापांनी नेसायचं. पण साखरपुड्यात तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही रंगारी का?" ते मनात राहिलं. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं कापड पारांगचं होतं. पट्ट्याला पट्टा असा जुळलेला, की ठसा कुठे संपला ते मलाही सापडत नसे. ते त्यांना दिसावं, एवढंच मला वाटलं, म्हणून तेच नेसलो. लग्नात पारांग आणत नाहीत, जोडप्यात भांडण शिरतं, हे आपल्या गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल. आई दारातच म्हणाली, "आयुष्यभर मेण चिकटवलंस आणि कमरेला काय गुंडाळलंयस ते कळत नाही?" मी म्हटलं, "अगं, हल्ली बँडवालेही तेच घालतात." हॉलमध्ये तुझे सासरे भेटले, तर त्यांच्याच अंगात छापील पारांगचा शर्ट. माझ्याकडे बघून हसले, "वा, आपलं डिझाईन सारखंच निघालं की." मी पण हसलो.

त्या कापडानं तुमचं बिघडेल, ही भीती अकरा वर्षं मी कोणाला सांगितली नाही. तुमचं भांडण झाल्याचं कानावर आलं की मला ते कापड आठवायचं. आता आईला सांगितलं. ती म्हणते, "हेन्दार्तो दुसरीकडे राहायला गेला, तो काय तुझं कापड बघून?" तिचं खरं असेल. दिवसा मलाही पटतं. कापड जाळावं म्हणून अंगणात नेलं, काडी हातात धरून उभा राहिलो आणि परत आत आणलं. जाळून तुझं काय परत येणार आहे?

मंगळवारी तुझी आत्या आली होती. ती म्हणाली, तू ईदला घरी येणार नाहीस. "बाबांना माझी लाज वाटते, त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं," असं तू तिला सांगितलंस. पोरी, त्या दिवशी फोन मी रागानं दिला नाही. तू रडत होतीस आणि हे मी केलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं; तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर पडलं असतं. म्हणून आज सगळं लिहून टाकलं. तुझं यात काही चुकलेलं नाही. तू खरंच माझ्या कापडाला दोषी धरलंस तरी मी ऐकून घेईन, पण तुझ्या बापाला तुझी लाज वाटते असं छोटीला सांगू नकोस. दोघी या. येणार नसलात तरी दोन ओळी पाठव, रागाच्या असल्या तरी चालतील. पोस्टमन अकराला येतो, मी दारातच बसलेला असतो. लवकर कळव.

तुझाच,
बाबा