यादीत आईचं नाव

सावरवाडी, ता. कराड
३ सप्टेंबर १९७९

चि. अंजना हीस आशीर्वाद.

आमी खुशाल हाय. आपल्या आळीतला धुळा सांगलीहून आला आन् चावडीपुढं चार माणसांत बोलला, की तुमची पोरगी कॉलेजात पैसे घेऊन मतदारांची नावं लिहिते. मान खाली गेली माझी! सतरा वर्षं पलटणीत काढली, पण मतासाठी कुणाचा चहा प्यालो न्हाई. कुठल्या पुढाऱ्याचा पैसा ह्यो? ते काम सोड, न्हाईतर दसऱ्याला घरी ये. कॉलेज पुरे झालं. तुझी आई बरी हाय.

तुझा आबा

सांगली, मुलींचं वसतिगृह
९ सप्टेंबर १९७९

ती. आबांस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून लय राग आला, तो गिळून लिहीत नाही. पैसा पुढाऱ्याचा नाही, आमच्या निवृत्त सरांचा आहे. पोरांनी पक्षवाल्यांच्या दारात जाऊ नये म्हणूनच ते पदरची रोजंदारी देतात. पक्षाचं नाव काढलं की काम बंद! एकवीस पुरी झालेली पोरं-पोरी, खाणावळीतल्या बायका, सगळ्यांचे अर्ज भरतो.

गावी नाव असलेल्याचं इथं पुन्हा लिहू नये, म्हणून सरांनी गावोगावच्या याद्या आणल्यात. त्यात आपली पाहिली. तुम्ही आहात, काका आहेत. आई नाही! नावं लिहिणारा दारात आला तेव्हा बायकोचं नाव कसं घ्यायचं म्हणून तुम्ही 'अंजीची आई' एवढंच सांगितलंत, मी तिथंच होते. त्यानं ओळच सोडली. आई दोनदा शाळेपर्यंत जाऊन मत न देता परतली, आणि तुम्ही शिव्या सरकारला दिल्यात. मग मान कशानं खाली जायला हवी, आबा?

मुदत पंधरा ऑक्टोबरपर्यंत आहे. अर्ज सोबत आहे. मला घरी बोलवायचं तर बोलवा, पण आधी तो भरा.

तुमची अंजना

सावरवाडी
२३ सप्टेंबर १९७९

चि. अंजीस लाख आशीर्वाद.

मी सांगत्ये आन् तुझं आबा लिवत्यात. तुझं पत्र आलं. तिसऱ्या दिशी मला घिऊन चावडीत गेलं. तलाठ्यानं माझं नाव इचारलं, तर कपाळाला घाम! मग पलटणीतल्यागत वरडलं, राहीबाई! तेवीस वर्सांत पयल्यांदा ऐकलं बग त्यांच्या तोंडनं. समदी चावडी बघाय लागली. मला लाज न्हाई वाटली, रागच आला. एवढंच हुतं तर दोनदा मला उनात का उभं केलंसा?

आपल्या आळीत आणखी चौदा बायका अशाच यादीतनं सुटल्यात. मी दारोदार इचारून आले. दसऱ्याला येताना तेवढे अर्ज आण आन् सण झाला की माघारी जा. कॉलेज सोडायचं न्हाई. ही ओळ लिवताना आबांचा हात थांबलाय, पर मी त्यास्नी उठू दिल्यालं न्हाई.

जिवाला जप, पोरी.

तुझी आई
राहीबाई