येळ्ळूरची सभा

येळ्ळूर,
ता. १७ जानेवारी २०२५

आदरणीय पार्श्वनाथअण्णा यांना परशरामचा नमस्कार आणि जय जिनेंद्र.

तुम्ही निपाणीच्या बसनं पाठवलेला नवा माईक काल पोचला. कमलावहिनींच्या शेंगापोळ्याही पोचल्या. त्यातल्या चार घरी येईपर्यंतच संपल्या, चोर मीच. मसूर यंदा बरा आहे. जयाचा गुडघा अजून कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे.

सोबतची तुमची चिठ्ठी वाचली. "पुढच्या सभेत आवाज जायला नको." जयालाही वाचून दाखवली, तशी ती म्हणाली, "आता तरी खरं सांगा की त्यास्नी. लाज न्हाय वाटत व्हय?"

वाटते, अण्णा. लई वाटते.

गेल्या सभेत माईक बिघडला नव्हता. तुम्ही ठरावाचा मसुदा कन्नडमधून वाचायला उभे राहिलात आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. एकजण ओरडला, "परश्या, गाव इकलास काय रं?" मशीनचं बटण माझ्या हाताखाली होतं. ते मी बंद केलं.

तुम्ही मात्र लोकांची माफी मागितलीत. सत्तरीच्या वयात गुडघ्यांवर बसून स्टेजखालच्या वायरी चाचपल्यात. मी वरून टॉर्च दाखवत होतो. सभा सांभाळली म्हणून पोरांनी नंतर माझ्याच पाठीवर थाप मारली आणि ती मला गोड लागली, हे सगळ्यात वाईट.

आपण दिल्लीकडं काय मागतोय? घटनेत दुरुस्ती करा, बेळगावला दोन राज्यांच्या ओढाताणीतून सोडवा, शहराचा कारभार शहराकडं द्या, कचेरीत मराठी आणि कन्नड दोन्ही चालू द्या. इथं कुणी कुणाचं तोंड बंद करू नये म्हणून आपण मंच काढला. आणि पहिलं तोंड मीच बंद केलं, तेही तुमचं.

दोन्ही भाषांत वाचल्याशिवाय ठराव नाही, हा मंचाचा नियम तुम्हीच घातलेला. तरी माझी अडचण नको म्हणून तुम्ही म्हणालात, "बिघाड झाला, त्याला कोण काय करणार? वाचलं असं धरूया." मी मान हलवली. "दोन्ही भाषांत वाचून मंजूर" असं ठरावाखाली लिहून मोकळाही झालो.

गुरुवारी तुम्ही त्यावर सही करायला येणार आहात. करू नका, अण्णा. तुमच्या नावाखाली माझं खोटं दिल्लीला जायला नको. माझी सही मी आज खोडली.

सभा पुन्हा इथंच लावतो. जे केलं ते आधी सांगेन, मग कन्नड मसुदा मी स्वतः वाचेन. माझं कन्नड कसलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गाव फितूर म्हणालं तर म्हणू दे. तुम्ही या, असं सांगायचं तोंड मला राहिलं नाही.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'तुमचा धाकटा भाऊ' असं लिहीत आलो. आज हात धजत नाही.

परशराम