मायाचं मीठ

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. माझ्या मुलीचं, मायाचं, दुखणं मी स्वतः शोधून काढलंय, तेव्हा नोंद राहिलेली बरी. पोरगी सात वर्षांची. खाते दोन माणसांचं, पण अंगी लागत नाही. खोकला दिवाळीपासून. इथल्या डॉक्टरांच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या. आज आईनं तिचा मुका घेतला अन् म्हणाली, पोरगी खारट लागते रे बापू. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संग्रामपूर म्हणजे खारपाण पट्टा, बोअरच्या पाण्याला गुरंही तोंड लावत नाहीत. प्यायला घरात आरओचं पाणी आहे, पण अंघोळ? अंघोळ बोअरच्या पाण्यानं! तिथून क्षार शिरले. आणि क्षार काढणं हा तर माझा धंदा. निर्मळ जल आरओ प्लांट, प्रोप्रायटर इंद्रभान, म्हणजे मीच.

आई पुढे काहीतरी सांगत होती, असाच खारट मुका तिनं मागं एकदा... पण मला पाण्याच्या जारची गाडी भरायची होती.

९ मार्च, रविवार
प्लॅन लागू. मायाची अंघोळ आरओच्या पाण्यानं. मायाला मीठ बंद. मिठाची बरणी, लोणचं, पापड वरच्या फळीवर. बायको दीपमाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत शंका. म्हणाली, बिनमिठाचं वरण आधी तुमी खाऊन दाखवा. खाल्लं. दोन घास. माझा बीपी लो असतो, माझी गोष्ट वेगळी.

१५ मार्च, शनिवार. दुपार
सायंटिफिक पद्धतीनं गेलेलं बरं. मायाला उन्हात दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. कपाळाचा घाम कापसानं टिपला, आरओच्या पाण्यात पिळला, त्यात क्षार मोजायचं टीडीएस मीटर बुडवलं. आकडा जो चढला! मग माझा घाम टिपून पाहिला. तिच्या अर्ध्यानंही नाही. सिद्ध झालं. दीपमाला म्हणाली, पोरीले मोठ्या डॉक्टरकडे न्या, मशिनीत काय बुडवून राह्यले. आईनं त्यावर म्हण टाकली, दुखणं हल्याले अन् इंजेक्शन पखालीले. म्हणजे आजारी रेडा, अन् सुई त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला. घरात विज्ञानाला किंमत नाही.

२७ मार्च, गुरुवार
आज मुद्देमालासह पकडली. प्लांटच्या मागं आमचा वेस्टचा पाइप आहे. मशीन जे खारं पाणी वेगळं काढतं ते तिथून नाल्यात जातं. काठावर पांढरी साय धरते. माया तिथं उकिडवी बसून ती साय बोटानं खरवडून चाटत होती. मी दिवसभर मीठ काढायचं अन् हिनं मागल्या दारानं भरायचं! मारलं नाही. गालाला हात लागला. संध्याकाळपर्यंत वळ गेला होता.

१३ एप्रिल, रविवार
उद्या जयंती. माझा पाण्याचा स्टॉल बुद्धविहारासमोर, सगळ्यांना फुकट. बॅनर आला: क्षारमुक्त पाणी, तंदुरुस्त समाज. माया लेझीम पथकात आहे. थोडी मलूल वाटते, पण ते अंगातले क्षार निघून चालल्यामुळे असणार. पाच आठवड्यांत फरक दिसतोच.

१४ एप्रिल, सोमवार
बॅनर छान दिसला.

१६ एप्रिल, बुधवार. अकोला, दवाखाना
आता लिहितो. रॅली उन्हात निघाली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. माया नाचली, घामानं भिजली, स्टॉलवर येऊन माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. तीनदा आली. मी लोकांना सांगितलंसुद्धा, बघा, प्रोप्रायटरची मुलगी हेच पाणी पिते. चौथ्यांदा आली ती दोन बायांनी उचलून आणली. डोळे पांढरे. ओठ कोरडे, शुद्ध नाही.

इथं येताच डॉक्टरांनी सलाईन लावलं. बाटलीत काय आहे विचारलं. म्हणाले, मिठाचं पाणी. मला वाटलं चेष्टा करतात. लेबल वाचलं. मीठच होतं. अंगातलं मीठ संपलं होतं म्हणे. दुपारी मायानं डोळे उघडले अन् दीपमालाला भाकर मागितली. मी बाहेर जाऊन गाडीचं टायर बघून आलो.

६ मे, मंगळवार. नागपूर
रेणुका मॅडम म्हणून छातीच्या मोठ्या डॉक्टर आहेत. त्यांनी मायाच्या घामाची टेस्ट केली. मशीन भारी आहे, पण आयडिया माझी, मार्चमधली. दुखण्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. श्वासनळीला आतून पेशींचं अस्तर, त्यावर बारीक केस. पेशीला एक गेट असतं. त्या गेटमधून मीठ बाहेर येतं, मिठामागं पाणी येतं. पाण्याचा पातळ थर राहिला तरच केस हलतात अन् कफ वर झाडून काढतात. मायाचं गेट काम करत नाही. मीठ बाहेर येतच नाही, उलट दुसऱ्या वाटेनं आत ओढलं जातं, त्याच्यामागं पाणीही जातं. नळी कोरडी पडते, कफ डिंकासारखा बसतो, त्यात जंतू घर करतात. मी विचारलं, मग घाम एवढा खारट कसा? म्हणाल्या, घामाच्या नळीत तेच गेट मीठ परत आत घेतं, तिथंही ते बंद, म्हणून मीठ वाहून जातं. बोअरच्या पाण्याचा काही संबंध नाही. पोरगी जन्मतःच अशी आहे. एकच गेट दोन ठिकाणी उलटसुलट काम करतं, ही डिझाइनची चूक आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग मॅडमनी विचारलं, अशा मुलांना मीठ जास्त लागतं, उन्हाळ्यात तर फारच, घरी किती देता? मी पार्किंग कुठं आहे ते विचारलं. दीपमालानं सगळं सांगून टाकलं. पाइपाचंही.

लग्न नात्यात का, हेही मॅडमनी विचारलं. मी अभिमानानं म्हटलं, सख्ख्या मामाची मुलगी, पिंपळगाव राजाची. त्यांनी ते लिहून घेतलं.

२० जून, शुक्रवार
सापडलं! गेट उघडणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. रात्रभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. परदेशातली पोरं गोळी घेतात अन् पळत सुटतात. प्लांटवर वॉल्व जाम झाला तर मी काय करतो? उघडतो. तसंच हे. मायाचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलंय, पण ती फॉर्मॅलिटी. गोळ्या महाग आहेत, प्लांट विकतो. मायाला सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत खोकला बंद. पोरगी एवढी हसली की हसता हसता खोकला लागला. आई म्हणाली, पोरीले असं कबूल नको करू बापू.

४ जुलै, शुक्रवार
मॅडमचा फोन. गोळी बिघडलेलं गेट उघडते. मायाच्या पेशीत गेट बनतच नाही. अर्धवट बनतं अन् पेशीच ते मोडून टाकते. माझ्याकडून अन् दीपमालाकडून एकसारखाच दोष आलाय. या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. मी म्हटलं, डबल डोस दिला तर? म्हणाल्या, दहापट दिला तरी नाही. जिथं वॉल्वच बसवलेला नाही तिथं मी पान्हा घेऊन उभा आहे.

लॅब चुकली असणार. दुसरी लॅब पाहतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, मले माहीत होतं. तुया आधी मले एक पोरगं झालं होतं, अश्वजित. त्याचा मुका बी असाच खारट लागे. चालाच्या आधीच गेलं ते. मी ओरडलो, मले काऊन नाही सांगितलं? म्हणाली, सांगूनच राह्यली होती, तू गाडी भराले गेला.

१३ जुलै, रविवार
प्लांटला गिऱ्हाईक आलं होतं, परत पाठवलं. विकून आणायचं काय? दुसऱ्या लॅबला फोन करायचा राहिला. उद्या करतो. सोमवारी त्यांना गर्दी असते, मंगळवारी करतो.

मायाला रोज सकाळ-संध्याकाळ मशीननं वाफारा द्यायचा. त्यात काय, तर मिठाचं कडक पाणी. मीठ बाहेरून घालायचं, त्यामागं थोडं पाणी येतं, थोडा कफ सुटतो. थोडाच वेळ. मग पुन्हा तेच. मॅडमना विचारलं, असं किती वर्षं? म्हणाल्या, जितकी मिळतील तितकी. मला भयंकर राग आला, पण कोणावर ते ठरवता येईना.

मिठाची बरणी वरच्या फळीवरून खाली आणली. जेवताना माया तिला हात लावेना. मी झाकण उघडलं, चिमूटभर मीठ तिच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, खा बेटा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. विचारलं, बाबा, मारसान त नाही ना? मी म्हटलं, नाही. तिनं एक हात गालावर धरला अन् मग दुसऱ्या हातावरचं मीठ चाटलं.