हिलालनानांचं मांजर

बुधवार, ७ जानेवारी २०२६
दोंडाईचा स्टेशन, सकाळ

नवलभाऊ,

रत्नाचा नमस्कार. वहिनी, पोरं बरी असतील. दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. काल आपल्या गल्लीतल्या समाधानच्या फोनवरून लावला, तर आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच हाती देतेय. तो आत्ताच्या गाडीनं सुरतेला निघालाय.

इकडे थंडीचा कहर आहे. आई बरी आहे. म्हणजे जेवते, बोलते. सकाळी डोकं जड वाटतं म्हणते. काल चहाचा कप हातातून पडला.

आईच्या शेजारचे हिलालनाना शनिवारी गेले. एकटेच होते बिचारे. लोक म्हणाले, थंडीनं गेले. मीही मान डोलावली.

या हिवाळ्यात आरोग्य खात्याची आशाताई म्हणून मी आईच्या नि आणखी अकरा म्हाताऱ्यांच्या घरी फिरले. दाराखाली गोणपाट कोंबलं, खिडक्यांना प्लास्टिक ठोकलं, निखाऱ्यांचं घमेलं खाटेजवळ ठेवून दिलं. सरपंचांनी शाल-नारळ दिला. मिरवले की रे मी!

खरं सांगू? आईला सुरतेहून परत तिच्या घरी आणलं तेव्हा तू म्हणाला होतास, "थंडीत तिला काही झालं, तर तुझं तोंड बघणार नाही." त्या धाकानं मी फटी बुजवत सुटले.

नानांच्या घरात पहिली मीच शिरले. ते खाटेवर, आणि पायाशी त्यांचं मांजर, तेही मेलेलं. घमेलं अजून कोमट होतं. अरे, निखाऱ्याजवळ झोपलेलं मांजर थंडीनं मरतं का? कोळशाची हवा कोंडली आणि दोघं गेली. फटी मी बुजवल्या होत्या. हे कुणाला बोलले नाही, तुलाच सांगतेय.

उरलेल्या दहा घरांतलं सगळं काढून टाकलं. आई ऐकत नाही. दोनदा प्लास्टिक फाडलं, तिनं तिथं गोधडी कोंबली. घमेलं उचलून नेलं, तर फुटक्या लोखंडी पाटीत निखारे भरले. काल संध्याकाळी आतून कडी लावली नि ओरडली, "मना आंडोरनी सांगेल शे, दार लाईसन झोपजो! तो सांगी तव्हयच उघाडसू!"

दार लावून झोप असं तिच्या लेकानं, म्हणजे तू, सांगितलंयस; आता तू म्हणशील तेव्हाच उघडणार, तुझंच ऐकते ती. माझ्यावर नंतर हवं तेवढं चीड. आधी तिला फोन कर, एवढंच सांग की खिडकी उघडी ठेव, निखारे अंगणात ठेव. दिवस मावळायच्या आत तुझा फोन आला नाही, तर मी पहारीनं दार फोडणार आहे. पहार तिच्या ओट्यावर आणून ठेवलीय.

थांब. पुनमचा फोन आला, आपल्या समोरच्या घरातली. ऊन ओट्यावर आलं तरी आईचं दार उघडलेलं नाही, हाक मारली तर ओ देत नाही. मी तिला म्हटलं, पहार उचल. कालच फोडायला हवं होतं गं माय, कालच!

गाडी लागली. भाऊ, आता फोन करत बसू नकोस. नीघ.

बहीण म्हणवायला तोंड उरलं तर तुझी,
रत्ना