शिकारीला न गेलेला वर्ग

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. नात आता सातवीत आहे आणि तिला शाळेत फ्रान्सची राज्यक्रांती लागली आहे. परवा इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात बसून ती कारणं पाठ करत होती: महागलेला पाव, जाचक कर, बेफिकीर राजा. मटार सोलता सोलता मी म्हटलं, "माझे वडीलही राजाविरुद्ध उभे राहिले होते." तिने पेन्सिल खाली ठेवली. "फॉर रिअल, आजोबा?"

मग तिला सगळं सांगितलं. आपलं गाव एका छोट्या संस्थानात होतं, तुम्ही तिथल्या शाळेत मास्तर. राजेसाहेबांना शिकारीचा नाद. ऐन सुगीत हाका घालायला, जनावर उठवायला, माणसं वेठीला धरली जायची. इकडे कापणीची ज्वारी उभी राहायची आणि गुरं तीत शिरायची. त्या वर्षी माणसं कमी पडली, म्हणून शिपाई तुमच्या वर्गाच्या दारात आला. मुलं पाठवा म्हणाला. तुम्ही फळ्याकडून न वळता म्हणालात, "शाळा चालू आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्हाला तुरुंगात टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी एकाही गावातून शिकारीला माणूस निघाला नाही. बायका कडेवर पोरं घेऊन राजवाड्यासमोर येऊन बसल्या. तुमची सुटका झाली, वेठ बंद केल्याचा कागद हाती पडला, तेव्हाच उठल्या. संस्थान विलीन व्हायला अजून बरीच वर्षं होती. पण आपल्या गावापुरता राजा त्या दिवशीच संपला, असं मी मानतो.

"वॉज ही मीन? तो राजा?" तिने विचारलं. मी नववीत असताना निबंधात त्याला राक्षस केलं होतं आणि तुम्हाला एकटा शूरवीर. तुम्ही वही माझ्याकडे परत सरकवलीत. "राजा वाईट नव्हता. मुलींची शाळा त्यानेच काढली, तुझी आई तिथेच शिकली. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, ते वाईट होतं. आणि मी काय केलं? एक वाक्य बोललो. उन्हात बायका बसल्या. त्यांना घाल निबंधात." तेव्हा मला राग आला होता. पण पुढे इथल्या एका मोटार कारखान्यात, ब्रेकची चाचणी अपुरी असताना, "मी सही करणार नाही" असं साहेबाला आवाज न चढवता सांगता आलं, ते कुठून आलं हे मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मी इथलं नागरिकत्व घेतलं. इतकी वर्षं टाळत होतो, पण नात म्हणाली, "आजोबा, यू शुड व्होट," आणि मी त्याच रात्री अर्ज भरायला बसलो होतो. शपथ घेताना उजवा हात वर करून म्हणावं लागतं, की कुठल्याही परक्या राजाशी, कुठल्याही परक्या देशाशी माझी निष्ठा उरलेली नाही. राजा हा शब्द मी खणखणीत उच्चारला. ते काम तुम्ही कधीच उरकून ठेवलं होतं. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकतो: देश या शब्दाला मी नुसते ओठ हलवले. नात मागच्या रांगेतून फोटो काढत होती. तिला ते सांगितलेलं नाही.