सोमवारी फिरणारे पंखे

सोमवार, संध्याकाळ

डोकंच चालेना. दर सोमवारी आम्ही पोल्ट्रीचा जनरेटर तपासतो. तो धडधडतो, शेडमधले पंखे फिरत असतात, की हे म्हणतात, "ओके!" तपासताना बाहेरून येणारी चालू लाईट मात्र कधी बंद केली नाही, उगाच कोंबड्या गुदमरतील म्हणून. आज जाऊबाई म्हणाल्या, "एकदा बघू तरी," आणि मेन स्विच खाली ओढला. जनरेटर धडधडला, पण पंखे थांबले. बघता बघता कोंबड्या चोची वासून धापा टाकायला लागल्या. मीच पळत जाऊन स्विच वर केला.

हे अजून म्हणतायत, "दर सोमवारी तर फिरत व्हते की!"

फिरत होते. पण कशावर? मग आम्ही तपासत काय होतो?

वायरमन उद्या आळ्याहून येणार. तोवर लाईट जाऊ नये म्हणून देवापुढे दिवा लावलाय.