जाडसर सात

प्रिय ताई,

पाकीट पाहून तुला वाटेल, याचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे, पण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

बाबा बरे आहेत. भूक चांगली आहे, तक्रारी त्याहून चांगल्या. आता दिसत नाही, तरी रोज दुकानात येतात आणि जुनी नाणी नुसती बोटांनी चाचपत बसतात. परवा एक निवृत्त बसकंडक्टर डबाभर नाणी विकायला घेऊन आला. चाळता चाळता एक भिंगाखाली आलं आणि माझा हात थांबला. सालातला सात जाडसर होता, टोकाशी बारीकशी खाच.

बाबांनी आपल्याला कसं शिकवलं होतं, आठवतं? आकडा दुहेरी दिसला म्हणून हुरळून जायचं नाही. नाणं छापताना यंत्रातला ठसा सैल असला तर तो घसरतो, आकड्याची कड पायरीसारखी सपाट दबते आणि आकडा बारीक होतो. तो नुसता धक्का, त्याला कोणी विचारत नाही. पण ठसा घडवतानाच त्यावर आकडा दोनदा उमटला असेल, तर दोन्ही गोलसर आणि उठावदार, आकडा जाड, आणि दोन्ही जिथे एकमेकांपासून वेगळे होतात तिथे खाच. ती जन्मखूण. त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर, त्याच जागी. तू हे एका दुपारात शिकलीस. मी वर्षभर धक्क्यालाच जन्मखूण म्हणत तुझ्या टपल्या खाल्ल्या. किती मजेत होतो गं आपण, खिडकीपाशी एका भिंगासाठी भांडताना!

मग तुला ते सातवालं नाणं सापडलं. नाचतच आलीस. बाबांचे डोळे तोवर अधू झाले होते, म्हणून त्यांनी ते पारखायला माझ्याकडे दिलं. दुकान कोणाच्या हाती सोपवायचं ते त्याच आठवड्यात ठरणार होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भिंग लावलं आणि म्हणालो, धक्का आहे. तू पुन्हा पाहिलंसुद्धा नाहीस, इतका तुझा माझ्यावर विश्वास. ते नाणं तू चप्पल शिवणाऱ्याला देऊन टाकलंस आणि महिन्याभरात पोस्टात नोकरी धरलीस. सगळे म्हणाले, तिला कंटाळा आला.

ताई, खाच मला दिसली होती. अगदी स्वच्छ.

परवाच्या नाण्यावर तीच खाच आहे, त्याच जागी. काल बाबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, काठी उगारतील. त्यांनी एवढंच विचारलं, तिला सांगितलंस का? म्हणून हे पत्र. मला फार लाज वाटते. तुझी नजर चुकली नव्हती, ताई. मी खोटं बोललो.

तुझाच,
धाकटा